दगाला विमान शिकवताना

दामिनी पाटीलला विमान चालवण्याचा व्यावसायिक परवाना मिळाला, तेव्हा शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर तिचा फलक लागला. 'तापीकाठची आकाशकन्या' असं वर लिहिलेलं, काळा चष्मा लावलेली दामिनी आणि भोवती शुभेच्छुकांचे फोटो. शुभेच्छुक इतके होते की दामिनीला कोपऱ्यात सरकावं लागलं होतं. तरीही तिचे वडील पितांबर पाटील केळीचा माल घेऊन शहाद्याला गेले की ट्रॅक्टर त्या फलकाखाली उभा करत, वर बघत आणि मग कुणीतरी ओळखीचा भेटेपर्यंत तिथून हलत नसत.

पाच-सहा महिने दामिनीनं कौतुकाशिवाय दुसरं काही खाल्लं नाही म्हटलं तरी चालेल. शाळांच्या स्नेहसंमेलनात पाहुणी, पतपेढीच्या वर्धापनदिनाला पाहुणी, एका रसवंतीचं उद्घाटनही तिच्या हस्ते झालं. गावातल्या बायका तिला विचारायच्या, "आमच्या घरावरून कधी जाशील? गच्चीवर पापड घातलेले असतात, जरा वरून जा." ती हसून हो म्हणायची.

एक गोष्ट मात्र फलकावर लिहिलेली नव्हती. विमान कंपन्यांची नोकरी तिला मिळत नव्हती. अर्ज जात होते आणि तिकडून हूं की चूं येत नव्हतं. तेव्हा तिनं ठरवलं, नुसतं बसून राहण्यापेक्षा प्रशिक्षक व्हावं. नंदुरबारच्या बाहेर, कापसाच्या, उसाच्या आणि मिरचीच्या शेतांमध्ये एक छोटी धावपट्टी होती. तिथं दोन जुनी विमानं, पत्र्याचा हँगर, एक वर्गखोली आणि कडुलिंबाचं झाड एवढ्यावर एक उड्डाण प्रशाला चालायची. त्या प्रशालेचे मुख्य प्रशिक्षक होते कॅप्टन नवलसिंग गिरासे.

गिरासे सर हवाई दलातून निवृत्त झालेले, याच जिल्ह्यातले. अंगानं काटकुळे, मिशा पांढऱ्याशुभ्र, खिशात कायम फुटाणे. रेडिओवर त्यांचं इंग्रजी ऐकलं तर माणूस लंडनला जन्मला असं वाटावं. पण राग आला की ते थेट अहिराणीत उतरत. दामिनी घरात गुजरी बोलायची, बाजारात अहिराणी आणि शाळेत शिकलेली मराठी. तिचा अनुभव असा की इंग्रजीत कुणी रागावलं तर निम्मं अंगाला लागत नाही. अहिराणीत रागावल्यावर लपायला जागाच उरत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी तिला उजवीकडच्या खुर्चीत बसवलं. इतकी वर्षं ती डावीकडे बसून शिकलेली. प्रशिक्षक उजवीकडे बसतो, शिकणारा डावीकडे. सर स्वतः डावीकडे बसले, पट्टा बांधला आणि म्हणाले, "हां. आते मी कॅप्टन नही. मी दगा शे."

"कोण, सर?"

"दगा. शेतकऱ्याचा मुलगा. विमानात आज पहिल्यांदा बसला. माले काहीच येस नही. शिकाड."

आणि खरंच त्या क्षणापासून तो माणूस बदलला. ज्या हातांनी हजारो वेळा विमान उतरवलं होतं, त्या हातांना दांडा कुठे धरायचा तेही कळेना. दामिनीनं सांगितलं नाक थोडं वर घ्या, तर दगानं इतकं वर घेतलं की समोर फक्त आभाळ. डावीकडे वळा म्हटलं तर दगा उजवीकडे बघून विमान डावीकडे पाडायला लागला. दामिनीनं "राहू द्या, राहू द्या, मी घेते," म्हणत विमान हातात घेतलं आणि असं सुरेख वळण मारलं की तिचं तिलाच बरं वाटलं. खाली नंदुरबारच्या पथाऱ्यांवर, व्यापाऱ्यांच्या मोकळ्या खळ्यांवर, मिरची वाळत घातलेली होती. वरून ते लालभडक चौकोन शेतात कुणी लुगडी पसरल्यासारखे दिसत. त्यांच्या अगदी डोक्यावर तिनं वळण पूर्ण केलं.

खाली आल्यावर सर फुटाणे खात म्हणाले, "दगाले काय समजनं?"

"वळण कसं घ्यायचं ते, सर."

"नही. दगाले इतलंच समजनं का मॅडम भारी शेत."

ही सुरुवात होती. पुढचे काही आठवडे दामिनी रोज दगाला शिकवायची आणि रोज दगा कोराच्या कोरा खाली यायचा. दगा पायाखालची पेडलं दाबायला विसरायचा, दगाला मळमळायचं, दगा मधेच विचारायचा की खाली ती बैलगाडी कुणाची. ती चिडून सुटकेसाठी विमान हातात घ्यायची. मग खाली वर्गखोलीत दुसऱ्या प्रशिक्षणार्थींसमोर तिची हजेरी. "तू आज सारखी बोलत होतीस. रेडिओवरचं समालोचन ऐकून कुणी क्रिकेट शिकतं का?" किंवा, "आज बोलताना दगाकडे एकदा तरी बघितलंस? तो घामानं भिजला होता." तिचं उत्तर तयार असायचं. हो सर, पण ऊन होतं. हो सर, पण विमानाचं इंजिन आज जरा वेगळा आवाज करत होतं. हो सर, पण तुम्ही मुद्दाम करत होतात.

एका शुक्रवारी उतरण्याचा धडा होता. दगानं धावपट्टीच्या अलीकडेच विमान इतकं खाली आणलं की कापसाची बोंडं मोजता आली असती. दामिनीनं विमान हिसकावून घेतलं, वर नेलं, पुन्हा फेरी मारली आणि स्वतःच अलगद उतरवलं. चाकं जमिनीला लागलेली कळलीसुद्धा नाहीत. तिला वाटलं, आता तरी काही म्हणतील.

म्हणाले. वर्गखोलीत सगळ्यांसमोर, उभ्यानं.

"दामिनी, तू चांगलं इमान उडावस. पन शिकाडस नही. तू दगाच्या नावानं स्वतःचंच कौतुक करून घेतेस. हा पोरगा उद्या एकटा गेला तर उसमा उतरी. आणि तू खाली उभी राहून म्हणशील, पण सर, ऊस उंच होता. एक आठवडा देतो. शिकवायचं असेल तर ये. मिरवायचं असेल तर शहाद्यात फलक आहेच."

फलकाचं त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. दामिनी प्रसाधनगृहात गेली, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडून घेतलं. बाहेर आली ती ठरवूनच, की पुरे झालं.

प्रशालेत एक नियम होता. उड्डाणानंतरची चर्चा प्रत्येकानं आपल्या फोनवर ध्वनिमुद्रित करून पुन्हा ऐकायची. दामिनीनं आजवर एकदाही ऐकली नव्हती. आज मात्र ऐकायचं ठरवलं, कारण वडिलांना सांगताना सरांचे शब्द जसेच्या तसे सांगता आले पाहिजेत. नंदुरबारहून शहाद्याची एसटी पकडली, खिडकीपाशी बसली, कानात ते बिनवायरचे इअरफोन घातले आणि बटण दाबलं. काही ऐकू येईना. आवाज वाढवला. तरी नाही. अजून वाढवला.

इअरफोन फोनला जोडलेच गेले नव्हते. कॅप्टन गिरासे अख्ख्या एसटीत गरजले.

"इतलं नाक खाली का जाऊ दिनं? दगा मरी गया आसता ना!"

गाडीतल्या गप्पा एकदम थांबल्या. दामिनीनं बटणं दाबली, फोनही घाबरल्यासारखा अडकून बसला. शेजारी मिरचीचे देठ खुडण्याच्या कामावरून परतणाऱ्या तापीबाई बसल्या होत्या. बोटांना तिखट लागलेलं म्हणून हात पदरात गुंडाळलेले. त्यांनी दामिनीकडे मोठ्या काळजीनं पाहिलं.

"हाऊ कोन शे वं माय? तुन्हा सासरा का?"

"नाही हो मावशी. सर आहेत माझे. विमान शिकवायचं शिकवतात."

"मंग बरं शे," तापीबाई म्हणाल्या. त्या सासऱ्याशी भांडायला कंबर कसून बसल्या होत्या, त्या जरा सैलावल्या. "आणि दगा?"

"दगा म्हणजे सरच."

याचा अर्थ गाडीत कुणालाच लागला नाही, पण मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "ताई, बंद नका करू. चालू द्या." कंडक्टर तिकिटाचं यंत्र हातात धरून तसाच उभा राहिला. फोन ऐकतच नव्हता, तेव्हा चालू राहणं भागच होतं. सर बोलत होते आणि मधेमधे दामिनीचा आवाज येत होता. हो सर, पण वारा आडवा होता. हो सर, पण मी त्याला आधी सांगितलं होतं. हो सर, पण.

प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल येईपर्यंत गाडीनं चाल ओळखली होती. सरांचं वाक्य संपलं की दामिनीच्या आधी मागच्या बाकावरून "हो सर, पण" असा आवाज यायचा, आणि सगळी गाडी हसायची. पुढच्या वेळी अर्धी गाडी म्हणाली. त्यापुढच्या वेळी ड्रायव्हरही. दामिनीला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं स्वतःचा पुढचा "पण" येताना ऐकला, आणि तो आला तो इतका चोख, इतका ठरल्या वेळी, की तिलाच हसू फुटलं.

"सर काय म्हणतात ते तुझ्यापर्यंत पोचतच नाही," कंडक्टर म्हणाला. "मधेच तुझा 'पण' उभा."

"मी म्हनस," तापीबाई म्हणाल्या, "त्या मानूसले एक चापट मारी दे आनि नोकरी सोडी दे."

गाडीत दोन तट पडले. शहादा येईपर्यंत चापटवाल्यांचं आणि सरवाल्यांचं भांडण चाललं होतं, आणि स्टँडवर उतरल्यावर त्यातल्या काहींना वरच्या फलकावर हीच मुलगी दिसली. दामिनी मान खाली घालून रिक्षात बसली.

घरी पितांबर पाटलांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन उचलला. "लाव त्या गिराशाला. माझ्या पोरीला कापसात उतरवतो काय!" त्यांनी कधी कुणाला दुखावलेलं नव्हतं, त्यामुळे रागावायचं कसं हे त्यांना नीट जमत नव्हतं. फोन हातात धरून ते आधी ओसरीत फिरले, मग अंगणात.

दामिनी म्हणाली, "नको, बापू."

"का नको?"

तिला नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हणाली, "त्यांचं अजून पुरतं ऐकलेलं नाही मी."

दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांनाच शिष्य केलं. ओसरीवरच्या लाकडी झोपाळ्यावर त्यांना डावीकडे बसवलं, स्वतः उजवीकडे बसली, त्यांच्या हातात विमानाचा दांडा म्हणून लाटणं दिलं. पितांबर पाटील आदर्श विद्यार्थी निघाले. ती जे सांगेल त्यावर "वा!" म्हणत. विमान कापसात गेलं तरी "वा!" म्हणाले असते. अर्ध्या तासात दामिनीनं त्यांना झोपाळ्यावरून उतरवलं.

मग तिची आई रंजनाबाई आली, आपलं लाटणं परत न्यायला. दामिनीनं तिला बसवून घेतलं. "आई, समजा आपण उतरतोय. आता जमीन जवळ येतेय. वेग कमी करायचा, मग हे हळूच आपल्याकडे ओढायचं, जास्त नाही, विमान स्वतःच बसतं."

रंजनाबाईंनी लाटणं हळूच ओढलं. जास्त नाही. मग म्हणाल्या, "आणि बघू कुठे?"

"म्हणजे?"

"माझे डोळे कुठे असायला हवेत? ह्या लाटण्यावर, का जमिनीवर, का तुझ्याकडे? तू नुसतं हातांचं सांगतेस."

दामिनीनं पायानं झोपाळा थांबवला. उतरताना नजर समोरच्या जमिनीवर ठेवली की जमीन अंगावर येते, माणूस घाबरतो आणि नाक खाली जातं. नजर धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला न्यायची असते. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ती स्वतः ते करते हेच ती विसरली होती. दगाला तिनं ते कधी सांगितलंच नव्हतं. बिचारा दगा आजवर आपल्या नाकासमोरच्या डांबराकडे बघत विमान उतरवत होता.

"हं?" आई म्हणाली. "पोळ्या करायच्या आहेत मला."

दामिनी परत गेली. सर नेहमीप्रमाणे डावीकडे बसले आणि दगा झाले. उतरताना तिनं सांगितलं, "दगाभाऊ, ते पलीकडचं लिंबाचं झाड दिसतंय? आता फक्त त्याच्याकडे बघा. जमिनीचं मी सांगते." दगानं झाडाकडे पाहिलं. विमान थोडं डुललं, एकदा उडी मारली आणि बसलं. दामिनीचे हात तोवर तिच्या मांडीखाली दाबून ठेवलेले होते. मुंग्या आल्या होत्या.

खाली आल्यावर सर म्हणाले, "नजरेचं बरं सांगितलंस. बाकी सगळं वाईट. आवाज असा काढत होतीस, अंगाई गाई ऱ्हायनी का? दगा झोपी गया."

"हो सर," दामिनी म्हणाली.

सर थांबले. ती पुढे काही बोलेल म्हणून थांबले. फुटाणा तोंडाशी नेला तो तसाच. "मंग?"

"एवढंच, सर. आवाजाचं बघते. पुन्हा करू या?"

इतर प्रशिक्षणार्थींनी एकमेकांकडे पाहिलं. सरांनी तिला तापाबिपाचं विचारलं.

त्यापुढे तिला रोज बोलणी बसली नाहीत असं नाही. उलट जास्तच बसली. ऐकून घेणारी मुलगी मिळाल्यावर सरांना सांगण्यासारखं बरंच सुचायला लागलं. संध्याकाळी ती ध्वनिमुद्रण लावायची आणि हँगरमागच्या बांधावर बसून ऐकायची. आधी त्यातले शब्द टोचायचे. मग लक्षात यायला लागलं की शब्दांच्या आत बहुतेक वेळा एकच छोटी गोष्ट असते, शेंगेत दाणा असावा तशी. टरफलातच अडकून राहिलं नाही की दाणा हाती येतो. कधीकधी शेंग पोकळही निघे. तेही तिला ओळखू यायला लागलं.

एकदा जोराचा आडवा वारा असताना त्यांनी सगळ्यांसमोर तिला झापलं, की पंखांच्या मागच्या झडपा पूर्ण का उघडल्या नाहीत. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, वाऱ्याचे झोत होते म्हणून मुद्दाम कमी ठेवल्या. दगाला वरती तसं सांगितलं होतं. चुकत असेल तर सांगा, मी बदलते."

सरांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतला, पिऊन टाकला. खिडकीतून वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशवीकडे पाहिलं. ती अजूनही आडवी तणाणलेली होती.

"नही. बरोबर शे," ते म्हणाले. "माले ऐकू नही उनं." आणि खोलीत इतरांकडे वळून, "काय बघताय? चूक मन्ही शे. लिहून घ्या."

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. गोल चेहऱ्याचे, मृदू बोलणारे, सारखं स्मित करणारे. दामिनीला त्यांचीच जास्त भीती वाटली. सरांचा राग कुठून येतो ते तिला कळायचं. या हसण्याचा पत्ता लागेना. ते डावीकडे बसले आणि शिकाऊ माणसाचं सोंग त्यांनीही घेतलं, पण दगासारखं मोकळं नाही. त्यांचा शिकाऊ माणूस हळूच, न सांगता चुका करायचा. शेवटच्या उतरणीवर त्यांनी वेग थोडा थोडा पडू दिला.

दामिनीनं वेगाच्या काट्याकडे पाहिलं. "वेग कमी होतोय," ती म्हणाली. "नाक किंचित खाली." त्यांनी ऐकल्यासारखं केलं आणि काहीच केलं नाही. तिचे हात शिवशिवले. अजून वेळ होता. तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी आवाजात साखर न घालता. काटा अजून खाली. मग ज्या जागेपलीकडे थांबणं म्हणजे मूर्खपणा, त्या जागेवर ती शांतपणे म्हणाली की आता विमान माझ्याकडे, आणि इंजिनाला जोर देऊन वर घेतलं. वर गेल्यावर मिरवलं नाही. नेमकं काय झालं ते सांगितलं आणि विमान पुन्हा त्यांच्या हाती दिलं. "चला, परत एकदा. या वेळी काटा तुम्ही वाचा, मोठ्यानं."

खाली त्यांनी हसत हसत तिच्या उणिवांची यादी सांगितली. ती पुष्कळच लांब होती. दामिनी मान डोलावत ऐकत होती आणि मनातून तिनं निकाल लावून टाकला होता, की नापास. शेवटी त्यांनी हात पुढे केला, "अभिनंदन," म्हणाले, आणि ती इतकी गोंधळली की म्हणाली, "हो सर, पुन्हा करते."

बाहेर लिंबाखाली कॅप्टन गिरासे कुणीतरी सांगेल म्हणून उभे होते, आणि उभे नाही असं दाखवत होते. तिनं सांगितल्यावर मुठीतले फुटाणे त्यांनी तिच्या हातावर ओतले. सगळे. प्रशालेत त्याआधी असं कधी घडलं नव्हतं.

"सर, मला शेवटचं काही सांगणार?" तिनं विचारलं.

"शेवटचं?" सर म्हणाले. "उद्या सकाळी ये. उद्यापासून खरी मानसं शेत."

खरं माणूस होतं रिना पावरा. धडगावच्या वरच्या डोंगरातली, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. पहिल्या उड्डाणाआधी दामिनीनं तिला सगळं समजावलं. रिनानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही खूप भरभर सांगता. मी आमच्या पावरी भाषेत विचार करते, मग मराठीत, मग तुमचं इंग्रजी. तिसऱ्यापर्यंत तुम्ही पुढे गेलेल्या असता."

दामिनीला मिरची झोंबल्यासारखं झालं. आदल्याच दिवशी पास झालेली बाई, आणि सकाळी सकाळी हे! ती एक घोट पाणी प्यायली. मग तिनं टेबलावर ठेवलेलं लाकडी विमान उचललं आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं, एकेक गोष्ट, रिनाची मान हलेपर्यंत थांबत.

वर गेल्यावर हवा स्वच्छ होती. तापी मागे पडली, उत्तरेला सातपुड्याच्या रांगा एकीमागे एक निळ्या होत गेलेल्या. दामिनीनं विमान समतोल करून रिनाच्या हाती दिलं. रिनानं ते कोंबडीचं पिल्लू धरावं तसं धरलं होतं.

एकाएकी रिना ओरडली, "तो! तो आमचा डोंगर!" आणि दाखवायला तिनं दोन्ही हात सोडून दिले.

दामिनीनं विमानाला हात लावला नाही. ते आपलं सरळ चाललं होतं. तिनं रिनाच्या बोटाच्या रोखानं पाहिलं. तिथं पाच-सहा डोंगर होते, सगळे सारखेच.

"कुठला?" तिनं विचारलं. "नीट दाखव. आणि एका हातानं दाखवलंस तरी चालेल."